चिपाडाचा हिशेब

१९३७ चा गळीत हंगाम चालू असताना मॉरिशसच्या साखर कारखानदारांनी उबा जातीच्या उसाचा भाव पंधरा टक्क्यांनी कमी केला. उबा हा काटक ऊस. जमीन दगडी असो, पाऊस ओढ देवो, खत जेमतेम पडो, तो तग धरायचा. म्हणून लहान ऊसकऱ्यांचा सारा भरवसा त्याच्यावर असे. कारखान्यांचं म्हणणं होतं की या उसात चोथा फार आणि साखरेचा उतारा कमी. म्हणणं खोटं नव्हतं. पण कपातीचा भार ज्यांच्यावर पडला ते बहुतेक हिंदुस्थानातून आलेल्या मजुरांचे मुलगे नि नातू होते, आणि कारखानदारावर त्यांचा विश्वास आधीच उडालेला होता. ऊसकरी चिडले, मजुरांनी कामं थांबवली. १३ ऑगस्टला बेटाच्या पूर्वेकडच्या युनियन फ्लाक या गावी जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार माणसं मेली.

चोथा जास्त, म्हणून भाव कमी. मॉरिशसच्या विजेचा पुढचा इतिहास याच चोथ्याभोवती फिरला. पंचेचाळीस वर्षांनी त्याच युनियन फ्लाकमध्ये उसाचं चिपाड जाळून देशाला वीज देणारं केंद्र उभं राहिलं. आणखी काही वर्षांनी बेटावरच्या ऊस संशोधकांनी जास्त चोथ्याच्या जाती मुद्दाम निवडायला घेतल्या. तोवर चोथ्याला मोल आलं होतं. ते कोणाच्या पदरात पडलं, हे ठरवताना १९३७ चंच भांडण वेगळ्या रूपात पुन्हा पुन्हा उभं राहिलं.

मॉरिशस मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरात आहे. मुख्य बेटाचं क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरही भरत नाही. जमिनीखाली कोळसा नाही, तेल नाही, वायू नाही. ऊस १६३९ मध्ये डचांनी जावाहून आणला. त्यांच्यानंतर आलेल्या फ्रेंचांनी गुलामांकरवी तो वाढवला आणि १८१० मध्ये बेट जिंकणाऱ्या इंग्रजांनी त्याला साम्राज्याच्या बाजारपेठेला जोडलं. १८३५ मध्ये तिथली गुलामी संपली, पण त्याच्या आदल्याच वर्षापासून करारबद्ध मजूर यायला लागले होते. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. आज ती जागा आप्रवासी घाट या नावाने जागतिक वारसा यादीत आहे. बहुतेक जहाजं कलकत्ता आणि मद्रासहून येत. काही मुंबईहून सुटत, आणि त्यांत रत्नागिरीकडची, कोकणातली माणसं असत. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचे भाव कोसळले, तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या, कमी कसाच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. पै-पै साठवलेल्या मजुरांनी त्या घेतल्या. अशा रीतीने बेटावर लहान ऊसकरी जन्माला आला. जमीन त्याची आणि ऊसही त्याचा, पण गाळप दुसऱ्याच्या कारखान्यात. तोडलेला ऊस काही तासांतच सुकायला लागतो, तो साठवून ठेवता येत नाही आणि लांब नेताही येत नाही. त्यामुळे जवळचा कारखानदार म्हणेल तो भाव. ही अडवणूक ऊस पिकवणाऱ्या मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही.

विजेची सुरुवात मात्र उसातून झाली नाही. ती नदीतून झाली. अमोद इब्राहिम अचिया या मूळ भारतीय घराण्यातल्या उद्योजकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेदुई इथे जलविद्युत केंद्र उभारून शहरी वस्तीला दिवे दिले. पुढे आणखी खासगी कंपन्या आल्या. वीज पोचली ती पोर्ट लुई, रोझ हिल, क्यूरपिप या पट्ट्यात. कारखाने आपल्यापुरती वीज स्वतः बनवत. उसाच्या फडांमध्ये पसरलेल्या गावांत रॉकेलचे दिवे होते. कारखान्याच्या कुंपणाआत झगझगाट आणि कुंपणाबाहेर काळोख, असं दृश्य हंगामभर असे.

१९५२ मध्ये सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्ड ही सरकारी संस्था स्थापन झाली. तिथले लोक तिला सीईबी म्हणतात. खासगी कंपन्यांचा कारभार हळूहळू तिच्या हाती आला आणि तारा गावांकडे निघाल्या. १९६० च्या जानेवारीत ॲलिक्स आणि फेब्रुवारीअखेर कॅरोल अशी दोन चक्रीवादळं लागोपाठ आली. कॅरोलमध्ये वाऱ्याचे झोत ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर गेले. हजारो घरं भुईसपाट झाली, ऊस झोपला, खांब उन्मळले. तारा पुन्हा ओढाव्या लागल्या. पुढच्या वीस वर्षांत बेटावरच्या जवळजवळ सगळ्या गावांत वीज आली. प्रशांत महासागरातल्या अनेक छोट्या बेटांना जे सौरपत्रे येईपर्यंत जमलं नाही, ते मॉरिशसने १९८० च्या आसपासच साधलं होतं.

पण या विजेतला मोठा भाग जहाजाने आणलेल्या तेलावर बनत होता. नद्या आखूड, डोंगर बुटके. पाण्यावर जेवढी वीज शक्य होती तेवढी टप्प्याटप्प्याने घेतली गेली. त्यातलं सर्वात मोठं केंद्र शांपान्य, ३० मेगावॅटचं, १९८४ मध्ये सुरू झालं. त्यानंतर मोठ्या धरणाला जागा उरली नाही. शेजारी देशाकडून तारेने वीज घ्यावी तर चहूबाजूंनी समुद्र. बेटाच्या वीजव्यवस्थेची हीच मोठी अडचण असते. मागणी वाढली, एखादं जनित्र बंद पडलं, तर मदतीला कोणी नसतं. जे काय करायचं ते आपल्याच हद्दीत.

आणि हद्दीत होता तो ऊस.

उसाच्या वजनाचा तिसरा हिस्सा, थोडा कमी, गाळपानंतर चिपाड म्हणून उरतो. कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात. त्यात निम्मं पाणी असतं, तरीही तो जळतो. त्याच्या वाफेवर कारखाना चालतो, हे जुनंच तंत्र. पण जुन्या बॉयलरना बगॅस वाचवायचा नव्हता, संपवायचा होता. ढीग साठला तर जागा अडते, कुजतो, आग लागते. म्हणून कमी दाबाचे, उधळे बॉयलर बसवलेले असत. कारखान्याची गरज भागावी आणि ढीगही राहू नये, एवढंच त्यांचं काम.

१९५७ मध्ये सेंट आंत्वान या कारखान्याने आपल्या गरजेपेक्षा जास्तीची वीज पहिल्यांदा सीईबीला विकली. हंगामभरात २ लाख ८० हजार युनिट. आकडा किरकोळ आहे. आज महाराष्ट्रातला सहवीजनिर्मितीचा एखादा मोठा प्रकल्प एवढी वीज एका दिवसात देईल. पण टाकाऊ समजल्या जाणाऱ्या वस्तूला त्या वर्षी पहिल्यांदा सरकारी गिऱ्हाईक मिळालं. पुढे आणखी काही कारखान्यांनी तसंच केलं. मात्र सीईबीच्या दृष्टीने ही वीज बेभरवशाची होती. चक्की थांबली, पाऊस आला, ऊसतोड अडली की पुरवठा बंद. अशा विजेला भावही तसाच मिळे. आणि भाव नाही म्हटल्यावर कारखानदार नवा बॉयलर कशाला घेईल?

हे कोडं सोडवायला तेलाचा भडका उडावा लागला. १९७३ मध्ये तेल महागलं तेव्हा योगायोगाने साखरही तेजीत होती. त्याच वर्षी मॉरिशसने ७ लाख टनांहून अधिक साखर बनवली. तो उच्चांक अजून मोडलेला नाही. त्यामुळे पहिला धक्का पचला. १९७९ च्या दुसऱ्या भडक्याने मात्र कंबर मोडली. साखर उतरलेली, परकीय चलन आटलेलं, रुपयाचं अवमूल्यन झालेलं. १९६८ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाविषयी जगातले अर्थतज्ज्ञ आधीपासूनच निराश होते. जेम्स मीड यांच्या १९६१ च्या अहवालाने लोकसंख्या वाढत जाईल आणि एकट्या उसावर हा देश तगणार नाही, असा इशारा दिला होता. आता तेलाचं बिल भागवण्यासाठी साखर विकायची आणि ती साखर बनवताना निघालेलं इंधन भट्टीत उधळायचं, हा प्रकार डोळ्यांत खुपू लागला.

१९८२ मध्ये युनियन फ्लाकच्या फ्लाक युनायटेड इस्टेट्स या कारखान्याने सुमारे २२ मेगावॅटचं केंद्र चालू केलं. त्याचं वैशिष्ट्य असं की ते वर्षभर वीज द्यायला बांधील होतं. सीईबीच्या हिशेबात आता कारखान्यांच्या विजेचे तीन प्रकार झाले. जमेल तेव्हा दिली ती एक, हंगामभर न चुकता दिली ती दुसरी, आणि बाराही महिने हमीने दिली ती तिसरी. हमीच्या विजेला चांगला भाव, कारण तिच्यामुळे सीईबीला स्वतःचं एक तेलाचं केंद्र उभारावं लागत नव्हतं.

पण हमी द्यायची कशी? गाळप जूनच्या सुमारास सुरू होतं आणि डिसेंबरपर्यंत आटोपतं. उरलेल्या महिन्यांत चिपाड नाही. यावर काढलेला तोडगा म्हणजे दोन्ही इंधनं चालणारा बॉयलर. हंगामात बगॅस, हंगाम संपला की दगडी कोळसा. तंत्र म्हणून हे चोख होतं. एकच चिमणी, एकच टर्बाइन, बारा महिने काम. भांडवल लवकर फिटतं, म्हणून बँक कर्ज देते. कोळसा त्या वेळी तेलापेक्षा स्वस्त होता आणि तो वाटेल त्या देशाकडून घेता येत होता. १९८२ च्या मॉरिशसमध्ये कोणालाही हा सौदा वाईट वाटण्याचं कारण नव्हतं. घरच्या इंधनासाठी बांधलेल्या भट्टीचं एक दार बाहेरच्या इंधनासाठी उघडं राहिलं आहे, याची बोच फार नंतर लागली.

मधल्या काळात मॉरिशसने जे केलं त्यासाठी त्याचं नाव जगभरच्या साखर उद्योगात घेतलं जातं. १९८५ च्या सुमारास साखर क्षेत्राचा कृती आराखडा आला. १९८८ मध्ये साखर उद्योग कार्यक्षमता कायदा झाला आणि बगॅसपासून वीज विकणाऱ्याला करांत सवलती मिळाल्या. १९९१ मध्ये बगॅस ऊर्जा विकास कार्यक्रम ठरला. कोणत्या कारखान्यात केंद्र काढायचं, शेजारच्या कारखान्यांनी आपला जास्तीचा बगॅस तिथे कसा पाठवायचा, दर कसा ठरवायचा, याची आखणी सरकार, सीईबी आणि कारखानदार यांनी एकत्र बसून केली. १९९२ मध्ये जागतिक बँकेने दीड कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं.

या सगळ्यात लहान ऊसकऱ्याचा प्रश्न होता साधा. मॉरिशसमध्ये उसाचा टनाला रोख भाव देण्याची पद्धत नव्हती. कारखाना गाळपाची मजुरी म्हणून साखरेचा ठरावीक हिस्सा ठेवून घेई आणि बाकी साखर ऊसकऱ्याच्या खाती जमा होई. हा हिस्सा पुढे शेकडा बावीस आणि अठ्ठ्याहत्तर असा स्थिरावला. साखरेची वाटणी ठरलेली होती, मळीचीही होती. चिपाडाबद्दल मात्र कोणी बोललं नव्हतं, कारण त्याला किंमत नव्हती. आता त्यातून वीज निघून पैसे यायला लागले. ऊस माझा, मग चिपाड तुमचं कसं?

हा सवाल सरकारला टाळता आला नाही. बेटावर मतदार लहान ऊसकरी आणि मजूर होते. सत्तेवर आलेल्या पक्षांची मुळं १९३७ च्या असंतोषात आणि त्याच्या आदल्या वर्षी स्थापन झालेल्या मजूर पक्षात होती. म्हणून बगॅस हस्तांतर किंमत निधी निघाला. विकलेल्या विजेमागे त्यात रक्कम जमा व्हायची आणि ती ऊसकऱ्यांपर्यंत पोचायची. रक्कम तुटपुंजी आहे, अशी तक्रार पुढे कायम राहिली. तरी चिपाडावर ऊस पिकवणाऱ्याचा हक्क आहे, हे तत्त्व कायद्याच्या कागदावर आलं.

१९९४ मध्ये आणखी एक पाऊल पडलं. साखरेवरचा निर्यात कर सरकारने रद्द करायचा आणि त्या बदल्यात कारखान्यांनी आपले वीस टक्के भाग ऊसकरी आणि कामगार यांच्यासाठी उभारलेल्या शुगर इन्व्हेस्टमेंट ट्रस्टला द्यायचे, असा सौदा झाला. या संस्थेमार्फत हजारो लहान माणसं कारखान्यांची आणि पुढे वीजकेंद्रांचीही अल्पस्वल्प भागीदार झाली. आपल्याकडे सहकारी कारखान्याचा सभासद होऊन जी मालकी मिळवायची, ती तिथे खासगी कंपनीतल्या भागभांडवलातून मिळवण्याचा हा प्रयत्न होता. मळ्यांच्या मालकीची जुनी घराणी आपल्या जागी राहिली. पण नफ्याच्या वहीत नवी नावं आली.

२००० मध्ये उत्तरेकडच्या बेल व्ह्यूला ७० मेगावॅटचं केंद्र सुरू झालं. या गावाच्या नावालाही रक्त लागलेलं आहे. २७ सप्टेंबर १९४३ रोजी, युद्धातल्या महागाईने पिचलेले मजूर पगारवाढीसाठी संपावर असताना, इथेच पोलिसांनी गोळीबार केला. चौघे मेले. त्यांत अंजले कूपेन ही गरोदर मजूर स्त्री होती. तिच्या नावाचं स्टेडियम आज त्याच परिसरात आहे. मॉरिशसच्या साखरेचा नकाशा आणि तिच्या मजुरांच्या हौतात्म्याचा नकाशा बऱ्याच ठिकाणी एकमेकांवर बसतात. आता त्यांत विजेचा तिसरा नकाशा मिसळला.

बेल व्ह्यूच्या बॉयलरमध्ये वाफेचा दाब ८२ बार. जुन्या कारखान्यांत तो वीसच्या आसपास असे. दाब आणि तापमान वाढलं की तेवढ्याच चिपाडातून कितीतरी जास्त वीज निघते. जुन्या पद्धतीत टनभर उसामागे विकायला दहा-वीस युनिट उरत. नव्या केंद्रात शंभराच्या वर. फरक यंत्राचा होताच, पण त्याहून मोठा होता कारखान्याच्या सवयीचा. उसाचा रस आटवायला लागणारी वाफ कमी करायची, चक्क्या विजेवर चालवायच्या, गळती थांबवायची. आजवर उधळलेली वाफ आता विकाऊ झाली होती, म्हणून ती वाचवण्यात राम होता. २००५ च्या सुमारास बेटावर बगॅसपासून वर्षाला सुमारे ३० कोटी युनिट वीज तयार होत होती. देशाच्या एकूण विजेचा साधारण सातवा हिस्सा. छोट्या बेटराष्ट्रांमध्ये तेव्हा हा पराक्रमच होता.

पण बेल व्ह्यूच्या वीजविक्रीची फोड पाहिली तर दुसरी बाजू दिसते. वर्षाच्या विजेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चिपाडाची आणि दोन तृतीयांश कोळशाची. जोडीदार म्हणून आलेलं इंधन घरधनी होऊन बसलं. याचं कारण हिशेबात होतं. ऊस वाढवायचा तर जमीन लागते, जाती लागतात, मजूर लागतात, चक्रीवादळ टळावं लागतं. कोळसा वाढवायचा तर आणखी एक जहाज मागवलं की झालं. पर्यटन, कापड गिरण्या, वातानुकूलन यांनी विजेची मागणी वर्षानुवर्षं वाढत गेली आणि ही वाढ चिपाडाने भरून निघणं अशक्य होतं. २०१० च्या दशकात देशाच्या एकूण विजेपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची होती. साखर कारखान्याच्या अंगणातलं केंद्र म्हणून जे परदेशी पाहुण्यांना दाखवलं जाई, तेच बेटावरचं कोळशाचं मोठं केंद्रही होतं.

याच काळात उसाच्या पायाखालची वाळू सरकली. १९७५ च्या साखर करारानुसार युरोप मॉरिशसकडून दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर घेई, आणि तीही जागतिक बाजारापेक्षा बऱ्याच चढ्या भावाने. देशाचा सगळा डोलारा त्यावर होता. २००६ पासून चार वर्षांत युरोपने हा भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ मध्ये करारच संपला. सरकारने आधीपासून चालवलेली कारखान्यांची एकत्रीकरणाची मोहीम वेगात नेली. एकोणिसाव्या शतकात बेटावर अडीचशेहून अधिक कारखाने होते, स्वातंत्र्याच्या वेळी वीसच्या आसपास. आता उरलेत तीन. हजारो कामगारांना रोख रक्कम आणि घरापुरती जमीन देऊन स्वेच्छानिवृत्तीवर पाठवलं गेलं. उरलेल्या कारखान्यांनी स्वतःला ऊस उद्योग म्हणवायला सुरुवात केली. साखर, वीज, मद्यार्क, सगळं एका छताखाली. २००७ मध्ये दक्षिणेला सवाना इथे ९० मेगावॅटचं आणखी एक जोडइंधनी केंद्र आलं. युरोपचा पैसा आटल्यावर कारखाने तगले ते मोठ्या प्रमाणात विजेच्या उत्पन्नावर. रेदुईच्या ऊस संशोधन संस्थेत जास्त चोथ्याच्या जातींवर जोमाने काम झालं तेही याच वर्षांत.

लहान ऊसकरी मात्र तगला नाही. मुलं हॉटेलांत, कचेऱ्यांत, कापड गिरण्यांत गेली. साखरेचा भाव उतरला, ऊसतोडीला माणूस मिळेना, दगडी जमिनीत यंत्र चालेना. हजारोंनी ऊस सोडला आणि जमिनी पडीक पडल्या. देशाचं साखर उत्पादन घटत अडीच लाख टनांच्या आसपास आलं. १९७३ च्या उच्चांकाच्या जेमतेम तिसरा हिस्सा. साखर घटली तसं चिपाडही घटलं. बगॅसची वीज वाढवण्याच्या सगळ्या योजना कारखान्याच्या आत आखल्या गेल्या होत्या. बॉयलर, टर्बाइन, दर, कर. चिपाड मात्र बांधावरून येतं, आणि बांधावरच्या माणसाला विजेच्या पैशातला जो वाटा मिळत होता तो त्याला शेतात टिकवून धरण्याइतका नव्हता.

२००८ मध्ये मॉरिस इल द्युराब्ल, म्हणजे टिकाऊ मॉरिशस, या नावाची सरकारी मोहीम निघाली. तेल आणि कोळशावर अधिभार बसला, घरांच्या छपरांवर सूर्यतापी बंबांना अनुदान मिळालं. २०१४ मध्ये पश्चिमेकडच्या बांबूस भागात १५ मेगावॅटचं सौर केंद्र सुरू झालं आणि २०१६ मध्ये प्लेन दे रोश इथे ११ पवनचक्क्या फिरू लागल्या. पण कागदावर कोळशाचाही विस्तार चालूच होता. पश्चिम किनाऱ्यावर सीटी पॉवर नावाच्या नव्या कोळसा केंद्राचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोधात उभे राहिलेले कार्यकर्ते जेफ लिंगाया २०१३ मध्ये उपोषणाला बसले आणि बेटावर विजेच्या प्रश्नावर रस्त्यावरची चळवळ झाली. ते केंद्र उभं राहिलं नाही. ऊसकऱ्यांचं आणि मजुरांचं आंदोलन या देशाला नवीन नव्हतं. वीज वापरणाऱ्यांचं आंदोलन नवीन होतं.

२०२१ मध्ये सरकारने दोन घोषणा केल्या. २०३० पर्यंत साठ टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून घ्यायची आणि कोळसा बंद करायचा, ही एक. दुसरीची बातमी देशाबाहेर फारशी गेली नाही. बगॅसपासून बनणाऱ्या विजेमागे युनिटला साडेतीन मॉरिशस रुपये या दराने मोबदला सर्व ऊसकऱ्यांना देण्याचं त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ठरलं. साखरेच्या प्रत्येक टनामागे सुमारे ३,३०० रुपयांची ही भर होती. आधी मिळे त्याहून बरीच जास्त. दुसऱ्याच वर्षी युक्रेनच्या युद्धाने जगभर कोळसा महागला, आणि चाळीस वर्षांपूर्वी स्वस्त म्हणून पत्करलेलं इंधन सीईबीला जड जाऊ लागलं.

यांतली पहिली घोषणा अवघड आहे. देशाच्या विजेत नवीकरणीय वाटा अजून पाचव्या हिश्श्याच्या आसपास रेंगाळतो आणि त्यातला मोठा भाग चिपाडाचाच आहे. सूर्य आणि वारा वाढतील, त्यांच्या जोडीला बॅटऱ्याही आल्या आहेत. पण संध्याकाळी, ढगाळ दिवशी, चक्रीवादळ ओसरल्यावर बेटाला हमीची वीज लागणार आणि ती देणारे बॉयलर आजही साखर कारखान्यांच्याच अंगणात आहेत. कोळशाच्या दारातून उद्या पाचट, वाढे, लाकडाचे तुकडे आत घालायचे बेत आहेत. म्हणजे पुन्हा शेतातूनच काहीतरी आणायचं आहे.

म्हणून मला दुसरी घोषणा जास्त महत्त्वाची वाटते. महाराष्ट्रात आपण याच प्रश्नाला वेगळ्या वाटेने भिडलो. २०१२ मध्ये रंगराजन समितीने सुचवलं की साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड या उपपदार्थांच्या एकत्रित उत्पन्नाचा सत्तर टक्के वाटा, किंवा निव्वळ साखरेच्या उत्पन्नाचा पंच्याहत्तर टक्के वाटा, ऊस उत्पादकाला मिळावा. पुढच्याच वर्षी राज्याने ऊस दराचा कायदा करून हे सूत्र स्वीकारलं. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर कारखाने आणि शेतकरी संघटना ज्या हिशेबावरून भांडतात, त्यात चिपाड असंच दडलेलं असतं. मॉरिशसमध्ये उपपदार्थाचा मोबदला स्वतंत्र खात्यात आणि स्वतंत्र दराने मोजला जातो. इथे तो एकूण टक्केवारीत विरघळतो. मॉरिशसची पद्धत अधिक स्वच्छ आहे, कारण विजेच्या प्रत्येक युनिटमागे आपल्याला काय मिळालं हे ऊसकऱ्याला पाहता येतं.

पण ती पद्धत पुरेशा दराने यायला सेंट आंत्वानच्या पहिल्या विक्रीपासून चौसष्ट वर्षं लागली. तोवर कारखान्यांनी उत्तम बॉयलर बसवले होते, बँकांनी कर्जं वसूल केली होती, परदेशी अभ्यासकांनी शोधनिबंध लिहिले होते, आणि ऊस लावणारी माणसं शेतं सोडून गेली होती. आज मॉरिशसकडे चिपाडातून वीज काढण्याची जगातली उत्तम यंत्रणा आहे आणि तिला पुरेल इतकं चिपाड नाही. ही कमतरता नव्या यंत्राने भरून निघणार नाही. पडीक जमिनीत पुन्हा ऊस लावायला जो तयार होईल, त्याच्या पदरात पडणाऱ्या रकमेवरच बेटाची हमीची वीज अवलंबून आहे.